नागपूरचे कावळे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पितृपक्ष लागला की लोकांना कावळा आठवतो. मे-जूनमध्ये कुणाच्या डोक्यावर टपली बसली की पुन्हा आठवतो. या दोन मोसमांत मला ओळखीचे, शेजारचे, नात्यातले लोक जे प्रश्न हमखास विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. मी शास्त्रज्ञ नाही, पण या पक्ष्याकडे बघण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत आणि त्याच्यावर झालेलं संशोधन मी आवडीने वाचत असते. एक गोष्ट मला मनापासून पटली आहे: कावळ्याची हुशारी एकट्याची नसते. ती गोतावळ्यात वाढते, दुसऱ्यावर नजर ठेवून वाढते, आणि त्या दुसऱ्यांमध्ये आपणही आलो.

नागपुरात कावळे किती प्रकारचे आहेत?

दोन. मान राखाडी आणि बाकी अंग काळं तो गावकावळा. पूर्ण काळा, अंगाने थोराड, जाड चोचीचा आणि घोगऱ्या आवाजाचा तो डोमकावळा. इतवारी, महाल, सीताबर्डीच्या गर्दीत बहुतेक गावकावळाच दिसेल. सेमिनरी हिल्स, अंबाझरी, गोरेवाड्याकडे झाडी वाढली की डोमकावळाही भेटतो. गावकावळ्याने तर माणसाची पाठच धरलेली आहे. माणसापासून पूर्ण दूर, रानात स्वतंत्र राहणारी त्याची वस्ती कुठे माहीत नाही. जहाजांवर बसून तो आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत पोचला आणि तिथे आता लोकांना नकोसा झाला आहे. दोन्ही जातींत नर-मादी दिसायला सारखेच.

तहानलेल्या कावळ्याची गोष्ट खरी असू शकते का?

असू शकते. २००९ साली केंब्रिजच्या ख्रिस्तोफर बर्ड आणि नेथन एमरी यांनी कावळ्याच्याच कुळातल्या ‘रूक’ या पक्ष्यांपुढे अर्धवट पाणी भरलेली नळी ठेवली. पाण्यावर अळी तरंगत होती, पण चोच पोचत नव्हती. पक्ष्यांनी खडे टाकून पाणी वर आणलं आणि अळी खाल्ली. लहान खड्यांपेक्षा मोठे खडे लवकर काम करतात हेही त्यांनी हेरलं.

डोकं एवढंसं, मग बुद्धी मावते कुठे? २०१६ साली पक्ष्यांच्या मेंदूतल्या पेशी मोजल्या गेल्या, तेव्हा याचं उत्तर मिळालं. पक्ष्यांच्या मेंदूत चेतापेशी फार दाटीने बसलेल्या असतात. रेव्हन हा आपल्या डोमकावळ्याचा मोठा भाऊबंद. त्याचा मेंदू जेमतेम १४ ग्रॅमचा, पण विचाराचं काम करणाऱ्या पुढच्या भागात सुमारे १२० कोटी चेतापेशी निघाल्या. काही माकडांची बरोबरी करणारा हा आकडा आहे.

आपले कावळे हत्यारं वापरतात का?

व्हिडिओत काडीने अळ्या उकरणारा जो कावळा दिसतो, तो आपला नव्हे. तो प्रशांत महासागरातल्या न्यू कॅलेडोनिया बेटावरचा. तो काड्या आणि पानं कुरतडून आकडे तयार करतो, ही गोष्ट गॅव्हिन हंट यांनी १९९६ साली जगापुढे आणली. पुढे २००२ साली ऑक्सफर्डमधल्या ‘बेटी’ नावाच्या मादीने सरळ तार वाकवून आकडा केला आणि नळीतली खाऊची छोटी बादली वर ओढली. तिचं नाव झालं ते त्यामुळे. तिकडचं कौतुक इकडच्या कावळ्याच्या नावावर खपवू नये. आपल्या गावकावळ्यावर त्या मानाने फारच कमी प्रयोग झाले आहेत.

पण तो काय करतो ते तुम्ही स्वतः पाहू शकता. कुंपणाच्या भिंतीवर पाण्याचं पसरट भांडं ठेवा. कडक झालेला पोळीचा तुकडा घेऊन कावळा तिथे येतो, तो पाण्यात सोडतो, इकडेतिकडे बघत थांबतो, चोचीने तुकडा उलटा करतो, परत थांबतो आणि मऊ झाल्यावरच उचलतो. घाईत असला तर ओला तुकडा तसाच नेतो. उरलेलं तो लपवूनही ठेवतो. कवेलूंच्या फटीत, कुंडीच्या मातीत, सज्ज्यावर पडलेल्या विटेमागे. वर एखादं पान किंवा कागदाचा कपटा ओढून घेतो. आणि लपवताना दुसऱ्या कावळ्याने पाहिलं असं वाटलं तर तोच तुकडा काढून दुसरीकडे नेतो. मला तारेच्या आकड्याइतकंच हेही मोठं वाटतं, कारण इथे दुसऱ्याला काय दिसतंय याचा हिशेब आहे. रेव्हनवर याचा नेमका प्रयोग झाला आहे. २०१६ साली व्हिएन्नाच्या थॉमस बुगन्यार यांच्या गटाने दाखवलं, की शेजारच्या खोलीतून दुसऱ्या रेव्हनचा आवाज येत असेल आणि मधल्या भिंतीतलं भोक उघडं असेल, तर समोर कुणी दिसत नसतानाही तो खाऊ जपून लपवतो. भोक बंद असलं की निवांत असतो.

कावळे माणसाचा चेहरा ओळखतात, हे खरं का?

अगदी खरं. २००६ साली अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरात जॉन मार्झलफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यापीठाच्या आवारात सात कावळे पकडले, पायात कड्या घातल्या आणि सोडून दिले. पकडणाऱ्यांनी आदिमानवाचा मुखवटा घातला होता. नंतर तो मुखवटा घालून कुणी नुसता फिरला, तरी कावळे डोक्यावर येऊन कलकलाट करायचे. तुलनेसाठी तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांचा मुखवटा वापरला होता. त्याला कुणी विशेष त्रास दिला नाही. मुखवटा उलटा घालूनही त्यांनी पाहिलं, तर कावळ्यांनी तिरकी मान करून तो ओळखला!

मला भावतं ते पुढचं. कालांतराने ओरडणाऱ्या कावळ्यांची संख्या वाढत गेली. पकडले गेले होते फक्त सात, पण ज्यांना कुणी हातही लावला नव्हता असे कितीतरी कावळे त्या चेहऱ्यावर तुटून पडू लागले. पकडापकडीनंतर जन्मलेली पिल्लंही त्यात होती. आईबापांचं बघून पिल्लं शिकली, शेजाऱ्यांचं बघून शेजारी शिकले. पाच वर्षांत ही बातमी पकडल्या जागेपासून किलोमीटरभराहून दूर पोचली होती.

त्यामुळे नागपुरात एखादे काका सांगतात, “मी एकदा दगड मारला होता, तर आता गल्लीतले सगळेच कावळे माझ्यावर ओरडतात,” तेव्हा ते अतिशयोक्ती करतात असं मला वाटत नाही. उलट बाजूही तितकीच खरी. रोज ठरल्या वेळी खाऊ ठेवणाऱ्या आजींचा आवाज, दार उघडायची पद्धत आणि चेहरा कावळे पक्का ध्यानात ठेवतात.

मे-जूनमध्ये कावळा डोक्यावर टपली मारतो. काही अपशकुन आहे का?

नाही. शनीची पीडा नाही आणि कसलाही इशारा नाही. जवळपास घरटं आहे किंवा नुकतंच उडायला निघालेलं पिल्लू झुडपात बसलेलं आहे, एवढाच त्याचा अर्थ. जोडप्यातले दोघंही पहाऱ्यावर असतात. हल्ला बहुतेक वेळा पाठीमागून होतो, म्हणून थांबून त्याच्याकडे तोंड करा आणि बघत बघत पुढे जा. छत्री किंवा टोपी पुरेशी. दोन-तीन आठवड्यांत पिल्लू नीट उडायला लागतं आणि प्रकरण आपोआप मिटतं. दगड मात्र मारू नका. का ते वरच्या उत्तरात आलंच आहे.

एक कावळा मेला की शेकडो कावळे जमतात. ते शोक करतात का?

विजेच्या तारेला चिकटून कावळा मेला की वस्तीभर जो आकांत उठतो, तो नागपुरात बहुतेकांनी पाहिलेला असतो. त्यांना दुःख होतं का, हे आत शिरून कुणी सांगू शकत नाही. मात्र ते जमून शिकतात, याचा पुरावा आहे. केली स्विफ्ट आणि मार्झलफ यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मुखवटा घातलेली व्यक्ती मेलेला कावळा हातात घेऊन कावळ्यांच्या रोजच्या खाण्याच्या जागी उभी राहिली. कावळे जमले, ओरडले, आणि पुढचे काही दिवस त्या जागचं अन्न घ्यायला बिचकले. तो चेहरा ते सहा आठवड्यांनंतरही विसरले नव्हते. इथे काय घडलं, कुणामुळे घडलं, ही जागा आता धोक्याची आहे का, याची चौकशीच जणू ते करत असतात. चौकशी आणि शोक एकत्र नांदू शकत नाहीत असं मात्र मला वाटत नाही. आपल्या घरीही दोन्ही एकत्रच चालतं.

पिंडाला कावळा का शिवत नाही?

हा प्रश्न हळवा आहे, म्हणून सविस्तर लिहिते. रामटेकच्या अंबाळ्याला किंवा आणखी कुठल्या घाटावर दहाव्याचा पिंड ठेवलाय, ऊन चढतंय, नातेवाईक ताटकळलेत आणि कावळे झाडावर बसून नुसते बघतायत. मग कुणीतरी म्हणतं, इच्छा राहिली. कुणी पुढे होऊन हात जोडतं, “पोरांचं आम्ही बघू, काळजी करू नका.” तरी शिवला नाही तर शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात. या श्रद्धेत मेलेल्या माणसाची राहिलेली काळजी चारचौघांत बोलून दाखवायची जागा आहे, आणि ती जागा मला मोलाची वाटते.

पण कावळा का येत नाही याची कारणं कावळ्याच्या स्वभावात आहेत. नव्या मांडणीला तो बिचकतो. ओळखीची जागा असली तरी आज तिथे वेगळी माणसं, वेगळी भांडी, पांढऱ्या कपड्यातली गर्दी असते. शिवाय पंधरा-वीस माणसं एकटक त्याच्याकडे आणि पिंडाकडे बघत असतात. कावळ्याच्या कुळाला माणसाची नजर फार कळते. युरोपातल्या जॅकडॉ या छोट्या भाऊबंदावर २००९ साली प्रयोग झाला. अनोळखी माणूस खाऊकडे बघत असला की तो पक्षी खाऊ घ्यायला जास्त वेळ लावायचा, आणि माणसाने नजर वळवली की लवकर घ्यायचा. तिसरं कारण म्हणजे पहिला कोण जाणार हा प्रश्न. एक उतरला की दहा उतरतात, पण तो एक उतरेपर्यंत सगळे एकमेकांकडे बघत बसतात. आणि चौथं अगदी साधं: घाटावर सकाळपासून अनेकांचे पिंड झालेले असतात. पोट भरलेलं असतं.

“आम्ही बघू” असं म्हटल्यावर बरेचदा कावळा येतो, याचं मला लागलेलं कारण असं: तेवढ्यात लोक हात जोडतात, डोळे मिटतात, मान खाली घालतात, जरा मागे सरतात. म्हणून माझं सांगणं एवढंच, की पिंड ठेवल्यावर सगळ्यांनी वीस-पंचवीस पावलं मागे या, पाठ करून बसा, मोबाइल धरून शूटिंग करू नका आणि वेळ द्या. आणि कावळा नाहीच आला, तर घरातल्या सुनेवर, मुलावर, कुणावर त्याचा ठपका ठेवू नका. सुतकातल्या माणसाला त्या दिवशी आधीच खूप सोसायचं असतं, त्यात झाडावरच्या पक्ष्याने साक्ष दिली असं म्हणणं हा अन्याय आहे.

पितृपक्षात कावळे कुठे गायब होतात?

गायब होत नाहीत. भाद्रपदातल्या त्या पंधरवड्यात गावभर एकाच वेळी, दुपारी बारा-एकच्या सुमाराला, गच्च्यांवर घास ठेवले जातात. वडे, खीर, भाजी, सगळं सगळीकडे. एका वस्तीतले कावळे किती ठिकाणी जाणार? शिवाय वर्षभर ज्या गच्चीवर काहीच मिळालं नाही, तिथे त्या दिवशी त्यांनी अचानक यावं ही अपेक्षाच चुकीची आहे. जे वर्षभर थोडंथोडं ठेवतात त्यांच्याकडे कावळा पितृपक्षातही वेळेवर येतो.

काही भागांत कावळे पूर्वीपेक्षा कमी दिसतात, ही तक्रार मात्र खोटी म्हणता येणार नाही. कडुनिंब, पिंपळ, वड असे मोठे वृक्ष रस्त्यांच्या आणि इमारतींच्या कामात गेले की रात्रीचा निवारा आणि घरट्याची जागा दोन्ही जातं. कचराही आता गल्लीत कमी आणि भांडेवाडीच्या कचरा डेपोत जास्त, त्यामुळे कावळ्यांची गर्दीही तिकडे.

कावळा रोज खिडकीच्या काचेवर चोच मारतो. काय सांगायचंय त्याला?

तुम्हाला काहीच नाही. काचेत त्याला दुसरा कावळा दिसतो आणि विणीच्या दिवसांत आपल्या हद्दीत परका कावळा त्याला खपत नाही. गाडीच्या आरशाशी भांडणारा कावळाही तोच. काचेला बाहेरच्या बाजूने काही दिवस वर्तमानपत्र चिकटवा. प्रतिबिंब गेलं की भांडण मिटतं.

कावळा ओरडला की पाहुणा येतो?

कावळा दिवसभर ओरडतो आणि नागपूरकरांकडे पाहुणेही भरपूर येतात, तेव्हा कधी ना कधी जुळतंच. पण त्याची काव काव एकसारखी नसते हे लक्ष देऊन ऐका. मांजर दिसलं की तुटक, घाईची, कर्कश. जोडीदाराशी बोलताना घशातल्या घशात, हळू, जवळजवळ गुरगुरल्यासारखी. शिक्रा किंवा घुबड दिसलं की लांबलचक आरडाओरडा, ज्यावर शेजारच्या तीन गल्ल्यांतले कावळे धावून येतात.

आवाजावर त्यांचा ताबा किती आहे हे २०२४ साली जर्मनीतल्या ट्युबिंगन विद्यापीठात दिसलं. तिथल्या तीन कावळ्यांना एक ते चार अशा ठरवून दिलेल्या संख्येइतकं ओरडायला शिकवलं, आणि ते मोजून तितकेच ओरडले. पहिल्या ओरडण्याच्या ढंगावरून पुढे किती वेळा ओरडणार याचा अंदाजही संशोधकांना येत होता, म्हणजे आकडा आधीच मनात ठरलेला होता.

एवढा हुशार, मग कोकिळेकडून कसा फसतो?

कारण समोरही तितकाच तयार खेळाडू आहे. काळाभोर, लाल डोळ्यांचा नर कोकीळ मुद्दाम घरट्याजवळ येतो, कावळे त्याच्यामागे लागतात, आणि तेवढ्यात पांढऱ्या ठिपक्यांची तपकिरी मादी अंडं घालून जाते. कोकिळेचं अंडं कावळ्याच्या अंड्यापेक्षा तीनेक दिवस आधी उबतं, त्यामुळे तिच्या पिल्लाला मोठं व्हायला आघाडी मिळते. कावळ्याची पिल्लं ते सहसा ढकलून देत नाही, पण भरवण्यातला वाटा मोठा घेतं. मला यात कावळ्याचा मूर्खपणा दिसत नाही. घरट्यात तोंड उघडणाऱ्या प्रत्येक पिल्लाला भरवायचं, हा आईबापांचा नियम आहे. त्यात शंका घेत बसलं तर कधीतरी स्वतःचंच पिल्लू उपाशी मरेल.

घरटं पाहून पावसाचा अंदाज करता येतो का?

विदर्भातले जुने शेतकरी सांगतात: घरटं पूर्वेच्या फांदीवर असलं तर पाऊस चांगला, काटेरी झाडावर असलं तर ओढ. मी हे ऐकत मोठी झाले आहे. पण शहरात कावळा जिथे फांदी मजबूत आणि खाणं जवळ तिथे घरटं करतो, अगदी मोबाइलच्या टॉवरवरसुद्धा. त्यावर पेरणी ठरवू नये. घरटं कशाचं आहे ते मात्र जरूर बघा. बांधकामावरची बाइंडिंग वायर, कपड्यांचे हँगर, कूलरच्या ताटीतलं गवत, सगळं त्यात गुंफलेलं असतं.

कावळ्याला एकच डोळा असतो का?

दोन असतात. जवळची वस्तू नीट बघायला तो मान वळवून एक डोळा तिच्यावर रोखतो, म्हणून तसं वाटतं.

संध्याकाळी सगळे एकाच दिशेने कुठे जातात?

रात्रीच्या वस्तीला. आधी एखाद्या मैदानात किंवा गच्चीवर जमतात, गोंगाट करतात, मग अंधार पडताना दाट झाडांत शिरतात. एकत्र झोपल्याने घुबडाचा धोका वाटला जातो. सकाळी जो कावळा ठाम दिशेने निघतो, त्याच्यामागे उपाशी कावळेही जातात असं अभ्यासकांचं म्हणणं आहे. रेव्हनच्या बाबतीत तसे पुरावेही मिळाले आहेत. विणीच्या दिवसांत घरट्यावरचे आईबाप मात्र घरट्याजवळच राहतात.

नागपूरच्या उन्हाळ्यात त्यांच्यासाठी काय करावं?

पाणी. पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा कावळे चोच उघडी ठेवून धापा टाकतात, कारण त्यांना घाम येत नाही. मातीचं पसरट भांडं सावलीत ठेवा, रोज घासा, कारण कावळा त्यात पोळी, हाड, काय वाटेल ते बुडवतो आणि पाणी नासतं. खायला साधी पोळी, भात, उकडलेल्या अंड्याचा तुकडा चालतो. खारवलेलं फरसाण आणि तर्रीचा रस्सा नको.

पिल्लू खाली पडलं आहे. घरी आणू का?

अंगावर पूर्ण पिसं असतील आणि ते टुणटुण उड्या मारत असेल, तर ते पडलेलं नाही, उडायला शिकतंय. आईबाप वर बसून बघत असतात आणि भरवतात. मांजर-कुत्र्यापासून वाचवायला जवळच्या झुडपावर ठेवा आणि निघून जा. उघडंबोडकं पिल्लू असेल तर शक्य झाल्यास परत घरट्यात ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून आई टाकून देते, हे खरं नाही. पाळायला मात्र आणू नका. माणसांत वाढलेला कावळा पुढे कावळ्यांत उपरा ठरतो.

मांज्यात अडकलेला किंवा जखमी कावळा दिसला तर?

संक्रांतीच्या आसपास नागपुरात हे रोजचं होतं. बंदी असूनही नायलॉन मांजा विकला जातो आणि तो झाडांत महिनोन्‌महिने तसाच अडकून राहतो. पंख ओढून सोडवू नका. मांजा दोन्ही बाजूंनी कात्रीने कापा, पक्ष्यावर सुती कापड टाका, भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा, चोचीत पाणी ओतू नका. वनविभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे आणि सेमिनरी हिल्सवर वन्यजीवांवर उपचार करणारं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे.

एकाच ठिकाणी अनेक कावळे मरून पडले असतील तर हात लावू नका, मुलांना आणि पाळीव जनावरांना लांब ठेवा, आणि पशुसंवर्धन विभागाला किंवा महापालिकेला लगेच कळवा. जानेवारी २०२५ मध्ये लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला कावळे असेच मेले होते आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला होता.